जळगाव-धुळे : तीन मिनिटे आणि तीन तास

मोबाइलवर कोणत्याही दोन शहरांची नावे टाकली की हल्ली त्यांच्यामधले हवाई अंतर आणि विमानाने लागणारा वेळ लगेच समोर येतो. जळगाव आणि धुळे ही नावे टाकली तरी येतो. अंतर सुमारे ८३ किलोमीटर, वेळ अर्ध्या तासाच्या थोडा पुढे. जळगावहून धुळ्याला विमान जात नाही, हे खानदेशातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. जळगावला कुसुंब्याजवळ विमानतळ आहे. २०१२ साली त्याचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून मुंबईचे छोटे विमान सुरू झाले, मध्ये बंद पडले, पुन्हा सुरू झाले. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुले विमान चालवायला शिकतात. पण तिकीट काढून या दोन शहरांमध्ये उडत जावे, अशी सोय नाही. तरी आकडा मात्र मिळतो.

आमच्या घरात या आकड्यावर पुष्कळ बोलणे झाले आहे, कारण आमचे निम्मे घर जळगावात आणि निम्मे धुळ्यात आहे. आम्ही तिघे भाऊ बायकामुलांसह जळगावला राहतो. थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, ती सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन धुळ्याला गेली. दुल्हाभाईंचे काम पॉवरलूमचे. आपाचा मोठा मुलगा शारजाला नोकरीला आहे. त्यानेच एकदा घरच्या ग्रुपवर हा आकडा टाकला आणि खाली लिहिले, "मामू, फक्त ८३ किलोमीटर! इथे आम्ही कामावर जायला याच्या निम्मे अंतर रोज जातो." सगळे हसले. अम्मी तेव्हा हयात होती. तिने विचारले, "हे अंतर कोणी चालून मोजले?"

प्रश्न साधा होता, पण बरोबर होता. हे अंतर कोणी चालून मोजलेले नसते. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा काढायची आणि तिची लांबी सांगायची, एवढेच ते असते. वहीवरही करता येते. जळगाव साधारण ७५.५६ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि धुळे ७४.७७ वर. म्हणजे फरक पाऊण अंशाहून थोडा जास्त. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरचा असतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर झाले ८२ किलोमीटर. धुळे जळगावपेक्षा जरासे दक्षिणेला, अकरा-बारा किलोमीटर. काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम लावला की ८३ येतात. वेळेचा हिशेब त्याहून सोपा. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जाते असे धरायचे, त्याने अंतराला भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. जळगाव-धुळे उडायला सहा मिनिटे, अधिक अर्धा तास. त्या सहा मिनिटांत विमान धड वरही पोचणार नाही, पण गणिताला त्याचे काय?

या सरळ रेषेचे आपल्या लोकांना नवल वाटू नये. किब्ल्याची दिशा काढायची तर हीच रेषा लागते. ख्वारिज्मचा अल-बेरूनी, जो इसवी सन ९७३ मध्ये जन्मला आणि ज्याने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याने गझनीहून किब्ल्याची दिशा नेमकी काढण्यासाठी शहराशहरांमधली अंतरे गोळा केली. त्याच्याजवळ होती ती काफिल्यांच्या रस्त्याची अंतरे. रस्ता डोंगराला वळसा घालतो, पाण्याच्या शोधात वाकडा जातो, हे त्याला माहीत होते. म्हणून तो रस्त्याच्या अंतरातून वळणांसाठी काही हिस्सा वजा करी आणि मग सरळ रेषा धरी. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या त्या आलिमाजवळ रस्ता होता आणि त्याला रेषा काढायची होती. आपल्याला रेषा आयती मिळते आणि रस्ता आपण विसरतो.

आमचा रस्ता असा आहे. जळगाव सोडले की बांभोरीला गिरणेचा पूल, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि धुळे. नव्वद किलोमीटरच्या थोडे वर. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता त्याला ५३ म्हणतात. हजिरा बंदरापासून कोलकात्यापर्यंतची मालवाहतूक यावरूनच जाते. चौपदरीकरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळले, आणि त्या वर्षांत खड्डे, धूळ आणि वळणरस्ते यांच्याशी आमची चांगली ओळख झाली. रेल्वेने जायचे तर जळगावहून चाळीसगाव ९२ किलोमीटर, तिथे गाडी बदलायची आणि शाखा मार्गाने धुळे आणखी छप्पन-सत्तावन. म्हणजे ८३ चे दीडशे होतात. एकेकाळी ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात होती. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तोवर जळगावच्या माणसाचे जिल्ह्याचे ठाणे धुळेच होते. कचेरीच्या कामाला तो बैलगाडीने धुळ्याला जाई, तेव्हा जाता-येता मुक्काम घडत असणार.

आता एसटी अडीच तासांत पोचवते. पण आपाच्या घरातून निघून आमच्या दारात यायचे तर रिक्षा, स्टँडवरची वाट, बस, पुन्हा रिक्षा, सगळे मिळून तीन-साडेतीन तास होतात. आणि एवढ्या लांबच्या प्रवासात तिच्यासोबत घरचे कोणीतरी असावे, असा दुल्हाभाईंचा पहिल्यापासून आग्रह. ते लूम बंद असेल त्या दिवशी स्वतः येत, पुढे मुलगा मोठा झाल्यावर तो येऊ लागला. म्हणजे आपाची एक फेरी ही दोन माणसांचा एक अख्खा दिवस.

शरीयतमध्ये प्रवासाच्या अंतराला महत्त्व आहे, हे आपण सारे जाणतो. ठरावीक अंतरापुढे जाणारा मुसाफिर ठरतो, चार रकातींची फर्ज नमाज तो दोन रकाती पढतो, रमजानचा रोजा त्याला नंतर ठेवता येतो. हे अंतर किती, याचे आपल्याकडच्या हनफी उलमांमध्ये दोन हिशेब प्रचलित आहेत. एक ४८ मैलांचा, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर. दुसरा साडेसत्तावन मैलांच्या आसपासचा, म्हणजे सुमारे ९२ किलोमीटर. गंमत पाहा, जळगाव-धुळे हे अंतर पहिल्या हिशेबाने स्पष्ट सफर आहे आणि दुसऱ्या हिशेबाने अगदी उंबरठ्यावर. त्यात अंतर घरापासून धरायचे नसते, वस्तीच्या हद्दीपासून धरायचे असते. जळगाव बांभोरीकडे वाढत चालले, धुळे फागण्याकडे. शहरे वाढली की सफर आखूड होते. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून वागावे. आमच्या मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांनी आम्हाला पहिला हिशेब सांगितला आणि आम्ही तो पाळतो.

पण एका गोष्टीवर दोन्ही हिशेब एकत्र आहेत. अंतर मोजायचे ते माणूस ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्याचे. एकाच गावाला दोन वाटा असतील, एक लांबची आणि एक जवळची, तर ज्या वाटेने तो गेला तिचे अंतर त्याला लागू. पक्ष्याच्या रेषेचा इथे संबंध नाही. सवलत ही प्रवासाच्या त्रासासाठी आहे आणि त्रास रस्त्यावर होतो, असे आम्हाला यातून कळते.

आपाच्या लग्नानंतरची पहिली ईद झाली आणि ती चार दिवसांसाठी माहेरी आली, तेव्हाची गोष्ट आमच्या घरात नेहमी सांगितली जाते. जोहरच्या वेळी ती आतल्या खोलीत मुसल्ल्यावर उभी राहिली. याच खोलीत अम्मीने तिला नमाज शिकवली होती. अम्मी दारात बसून गहू निवडत होती. आपाने दोन रकातींवर सलाम फिरवला. अम्मी म्हणाली, "बेटी, दोनच झाल्या." आपा म्हणाली, "अम्मी, मी आता मुसाफिर आहे. पंधरा दिवस राहायची नियत नाही." मसला तिला ठाऊक होता. लेक लग्न होऊन सासरी कायमची राहू लागली की माहेर तिचे वतन राहत नाही. सफरचे अंतर असेल आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचे असेल, तर आईच्या घरातही ती मुसाफिर.

अम्मीलाही मसला ठाऊक होता. पण ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या लेकीला त्या खोलीत दोन रकातींवर उठताना पाहणे वेगळे. ती काही बोलली नाही. गहू घेऊन आत गेली. रात्री जेवताना तिने अब्बांसमोर आम्हा भावांना एक नियम घालून दिला. "एक महिना लेक येईल, एक महिना हे घर तिच्याकडे जाईल. ती इथे मुसाफिर होते, तर तुम्हीही तिथे मुसाफिर व्हा." अब्बा म्हणाले, "बरोबर आहे." विषय तिथेच संपला.

तेव्हापासून तो नियम चालू आहे. कधी आमच्यातला एक गेला, कधी सगळे. जाताना जळगावची केळी, थंडीत भरिताची वांगी. धुळ्याला पोचायचे, जेवायचे, मुलांना शाळेचे विचारायचे, दुल्हाभाईंसोबत असरला मशिदीत जायचे, संध्याकाळची बस धरायची. सांगण्यासारखे काही घडत नसे, आणि तेच चांगले होते. फक्त लग्नाला आणि मय्यतीला भेटणारे भाऊ-बहीण एकमेकांना काय सांगणार? नातेसंबंध जोडून ठेवण्याची, म्हणजे सिला-ए-रहमीची, आपल्या दीनमध्ये फार ताकीद आहे. आमच्या अम्मीने तिचे वेळापत्रक करून दिले.

अम्मी स्वतः शेवटपर्यंत त्या फेरीला येत होती. ऑगस्ट २०२२ पासून एसटीने ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला, तेव्हा तिला फार आनंद झाला. आधार कार्ड बटव्यात ठेवून ती कंडक्टरची वाट पाहत असे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा म्हणाली, "आता सुनांनाही घेऊन चला, सरकारनेच सांगितले आहे."

जळगाव-धुळ्यामध्ये आणखी एक अंतर आहे, आणि ते रमजानमध्ये कळते. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. आपल्यात फरक पाऊण अंशाच्या थोडा पुढे, म्हणजे तीन मिनिटे. जळगावात मगरिबची अजान होते, तेव्हा धुळ्यात अजून तीन मिनिटे बाकी असतात. अम्मी खजूर तोंडात टाकून, पाणी पिऊन लगेच आपाला फोन लावी. "आमची झाली. तुमची?" तिकडे आपा हातात खजूर धरून बसलेली. "अजून दीड मिनिट, अम्मी." मग दोघी काही न बोलता फोन धरून ठेवत आणि फोनमधूनच धुळ्याची अजान आम्हाला ऐकू येई. मग अम्मी फोन ठेवून नमाजला उभी राही. विमानाचा अर्धा तास हा कागदावरचा आहे. हे तीन मिनिटांचे अंतर मात्र खरे आहे, ते आम्ही कानांनी मोजले आहे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, इशा होऊन बराच वेळ झाल्यावर, रात्री अकराच्या सुमारास अम्मीचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाही व इन्ना इलैही राजिऊन. त्या रात्री आम्हाला अंतराचे सगळे हिशेब एकदमच करावे लागले.

अकरा वीसला धुळ्याला फोन गेला. त्यानंतर पाच मिनिटांत शारजाला. भाच्याने रडत विचारले, "मामू, मी येईपर्यंत थांबाल का?" त्याने तेवढ्यात पाहिलेही होते. सकाळचे विमान, मुंबईपर्यंत १९०० किलोमीटर, तीन तास. दुपारी मुंबईत, आणि तिथून जळगाव. मोहल्ल्यातले बुजुर्ग जमले होते. कफन-दफनात उशीर करू नये, हे सर्वांना ठाऊक होते. काहींचे म्हणणे, कबर रात्रीच खोदायला सांगू आणि लवकरात लवकर उरकू. इमाम साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "मय्यतीला गुस्ल कोण देणार?"

या प्रश्नाने सगळे सोपे झाले. आईला गुस्ल देण्याचा पहिला हक्क लेकीचा. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. मुलगे जनाज्याला खांदा देतात, कबरीत उतरतात, माती देतात. लेकीजवळ आईची शेवटची सेवा म्हणून एवढाच एक गुस्ल असतो. तो चुकला तर तिच्या हाती काही राहत नाही. थोरल्या भावाने तिथेच सांगितले, "धुळ्याची वाट पाहू. शारजाची पाहणार नाही. गुस्ल आपा आल्यावर, जनाजा फजरनंतर." इमाम साहेबांनी मान हलवली. भाच्याला तसे कळवले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे मामू. अम्मी पोचली पाहिजे."

धुळ्याला शेजाऱ्याची गाडी मिळाली. दुल्हाभाई पुढे, आपा मागे, धाकटी लेक तिच्या कुशीत. थंडी होती, रस्त्याला ट्रकची रांग होती. मुकटी गेले, पारोळा गेले, असे निरोप येत होते. आमच्या भावजय पाणी गरम करून, बोरीचा पाला आणि कापूर तयार ठेवून बसल्या होत्या. अडीच वाजता गाडी दारात थांबली. फोनपासून दारापर्यंत तीन तास दहा मिनिटे.

आपा आत गेली. दार लागले. आम्ही भाऊ बाहेर ओट्यावर बसलो होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून आपाचा, "जरा हळू, जरा हळू," असे बायकांना सांगणारा. दार उघडले तेव्हा तिचे हात ओले होते आणि चेहरा शांत होता. ती म्हणाली, "केस मी विंचरले नाहीत, तसे विंचरत नाहीत. पण हाताने सारखे केले."

फजरची अजान झाली. आम्ही मशिदीत गेलो, बायका घरात उभ्या राहिल्या. मोठ्या भावजयने नंतर सांगितले की आपा त्याच आतल्या खोलीत उभी होती. फजरच्या फर्ज दोनच असतात, त्या मुसाफिरालाही दोन आणि मुकीमलाही दोन. त्या सकाळी त्या घरात कोण प्रवासी आणि कोण घरचे, हा फरक उरला नाही. सूर्य वर यायच्या आत अम्मीला अब्बांच्या शेजारी ठेवून आम्ही परत आलो.

भाचा रात्री अकराच्या पुढे पोचला. समुद्रापलीकडचे १९०० किलोमीटर तीन तासांत आणि मुंबई-जळगावचे सव्वाचारशे आठ तासांत. त्या दिवशी त्याच्या वेळेला जळगावचे विमान नव्हते. सकाळी आम्ही त्याला कब्रस्तानात घेऊन गेलो. त्याने फातिहा पढली. उशीर झाल्याची तक्रार त्याने कोणापाशी केली नाही. घरी येऊन आईजवळ बसला आणि विचारले, "तुला मिळाले ना सगळे?" आपा म्हणाली, "मिळाले."

वाचक बंधू-भगिनींनो, आई गेली की लेकीचे माहेर संपते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पुष्कळ घरांत तसे होतेही. आई असेपर्यंत ती आईसाठी येते, नंतर भाऊ म्हणतात, "ये ना कधीही, जवळच तर आहेस." इथे 'जवळ' हा शब्द कोण वापरतो, ते पाहावे. घरी बसलेल्याला ८३ किलोमीटर दिसतात. निघणाऱ्या बाईला रिक्षा, स्टँड, अडीच तासांची बस, सोबतीला येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज आणि मागे राहिलेल्या घराचा स्वयंपाक दिसतो. अंतर विचारायचेच असेल तर जिला यायचे आहे तिला विचारावे, आणि ती सांगेल तेवढेच खरे मानावे. मग निम्म्या फेऱ्या आपण कराव्यात.

चाळिसाव्यानंतर आम्ही तिघे भाऊ बसलो आणि अम्मीचा नियम तसाच ठेवायचे ठरवले. एक महिना आपा, एक महिना आम्ही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे. तो धुळ्यावरून नरडाण्याकडे जाणार. नरडाणा आमच्या जळगाव-अमळनेर-सुरत मार्गावरच आहे. तो जोड पुरा झाला की चाळीसगावचा वळसा न घेता रेल्वेने धुळ्याला जाता येईल. होईल तेव्हा होईल. तोवर एसटी आहे. या महिन्याची पाळी आमची आहे. शुक्रवारी सकाळची बस धरायची, धाकट्या भावजयने भरिताची वांगी आत्ताच सांगून ठेवली आहेत, आणि दुल्हाभाईंनी फोनवर बजावले आहे की जेवण तिकडेच, डबा आणायचा नाही.